बाजारात सोंज, घरी अळू
(पवनानगर येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन)

पाऊस एवढा लागलेला असताना तुम्ही आलात, त्याबद्दल आधी आभार मानतो. भातलावणीतून वेळ काढून आलेली माणसं समोर दिसताहेत, तेव्हा मी लांबण लावणार नाही.

आजचा विषय आहे एका परक्या देशातला भाजीबाजार. मॉरिशसची राजधानी पोर्ट लुईस, तिथली मोठी मंडई. तुम्ही म्हणाल, तत्त्वज्ञानाच्या मास्तराला भाजीबाजाराचं काय सुचलं? खरं सांगतो, ही माझी जुनी खोड आहे. कुठंही गेलो की मी लोकांना पहिल्यांदा मंडईचा रस्ता विचारतो. संग्रहालय पाहू नये असं नाही. पण संग्रहालयात काय मांडायचं, कशावर कुठली चिठ्ठी लावायची, हे कुणीतरी बसून ठरवलेलं असतं. बाजार असा कुणी मांडत नाही. जे पिकतं, जे खपतं, ते तिथं येतं. आणि ज्या नावानं ते खपतं, ती नावं फार प्रामाणिक असतात. राजाचं नाव रस्त्याला देता येतं, पुसताही येतं. कारल्याचं नाव असं हुकमानं बदलत नाही.

मॉरिशसला मी एका परिसंवादासाठी गेलो होतो. एक सकाळ मोकळी मिळाली, तेव्हा मंडई गाठली. दाराशी लोखंडी कमान आहे, तिच्यावर व्हिक्टोरिया राणीच्या नावाची अक्षरं आहेत. आत शिरलो आणि दोन मिनिटांत वाटलं, आपण पुण्याच्या मंडईत आलो. कोथिंबिरीच्या जुड्या, दुधी, पडवळ, दोडकी, कारली, शेवग्याच्या शेंगा, कढीपत्ता. एका बाजूला डाळपुरी भाजली जात होती, पलीकडे सब्जा घातलेलं थंडगार दूध विकत होते. त्याला ते 'आलुदा' म्हणतात, आपल्या फालुद्याचा भाऊच म्हणा. डोळ्यांना सगळं ओळखीचं, पण कानांना एकही शब्द लागेना. भाजीवाल्या बाया ओरडत होत्या क्रिओल भाषेत. क्रिओल म्हणजे फ्रेंचच्या पोटी, गुलामांच्या आणि मजुरांच्या तोंडी वाढलेली तिथली रोजची बोली.

मी खिशातून वही काढली आणि एकेका भाजीवर बोट ठेवून नाव विचारत गेलो. दुधी म्हणजे 'कालबास'. लाल भोपळा 'जिरोमों'. हे शब्द फ्रेंचांचे. कोथिंबीर 'कोतोमिली'. दोडका 'पिपांगाय'. शेवगा 'मुरुंग'. हे तिन्ही तमिळ, थोडे घासलेले. पडवळ 'पातोल', म्हणजे आपल्या संस्कृतातला पटोलच. पालेभाजीला सरसकट 'ब्रेद' म्हणतात, तो शब्द मूळचा पोर्तुगीज. आणि आपल्या माठाला, राजगिऱ्याला ते म्हणतात 'ब्रेद मालबार'. मालबार म्हणजे हिंदी माणूस. हिंदी माणसांची भाजी, एवढाच त्याचा अर्थ.

वहीची दोन पानं भरली, आणि माझ्या लक्षात आलं की मी भाज्यांची यादी करत नाही, त्या बेटाचा इतिहास उतरवून घेतोय. फक्त तो काळाच्या क्रमानं लावायला हवा होता.

तो थोडक्यात लावू. या बेटावर मूळचे रहिवासी नव्हते. १५९८ मध्ये डच आले, त्यांनी आपल्या राजपुत्राच्या, मॉरिसच्या नावावरून बेटाचं नाव ठेवलं. ऊसही त्यांनीच जावाहून आणला. १७१० मध्ये ते कंटाळून निघून गेले. मग १७१५ मध्ये फ्रेंच आले. त्यांनी मादागास्कर आणि मोझांबिककडून गुलाम आणले. १७३५ साली माहे द ला बूर्दोने नावाचा गव्हर्नर आला, त्याला बंदर बांधायचं होतं. त्यानं पाँडिचेरीकडून कारागीर नेले: सुतार, गवंडी. म्हणजे उसाचे मजूर जायच्या शंभर वर्षं आधी तमिळ माणूस पोर्ट लुईसमध्ये राहत होता. त्यांच्या वस्तीला मालबारांची छावणी म्हणत. कोथिंबिरीला 'कोतोमिली' का म्हणतात, याचं उत्तर बहुधा त्या छावणीत आहे. जो आधी येतो, आधी पेरतो आणि आधी विकायला बसतो, त्याचा शब्द बाजारात बसतो.

१८१० मध्ये इंग्रजांनी बेट घेतलं. १ फेब्रुवारी १८३५ ला तिथं गुलामगिरी कायद्यानं बंद झाली. आता ऊस कोण तोडणार? मळेवाल्यांनी त्याची सोय आधीच करून ठेवली होती. २ नोव्हेंबर १८३४ ला 'ॲटलास' नावाचं जहाज कलकत्त्याहून छत्तीस मजूर घेऊन पोर्ट लुईसला लागलं. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये पगार, आणि वर शिधा: तांदूळ, डाळ, मीठ, तेल. त्या छत्तीसांच्या मागोमाग पुढच्या पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसं तिथं उतरली. ती जिथं उतरली तो आप्रवासी घाट आज जागतिक वारसास्थळ आहे, आणि मी ज्या मंडईत उभा होतो तिथून तो चालत जाण्याइतका जवळ आहे. मी दोन्ही एकाच सकाळी पाहिले. घाटाच्या दगडी पायऱ्या पाहिल्या तेव्हा वाईट वाटलंच. पण खरं सांगायचं तर जास्त समजलं ते मंडईत.

या साडेचार लाखांत बहुसंख्य माणसं बिहारकडची. त्यांच्या खालोखाल मद्रासेकडची. आणि थोडी मुंबईच्या बंदरातून गेलेली. त्यात आपली माणसं होती. रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा, कोल्हापूर या भागांतली. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांची माणसं, म्हणजे आपल्यासारखीच भातखाचरातली, डोंगरउताराची. त्यांचे वंशज आज तिथं आहेत. गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. कोकणातली जाखडी तिथं अजून नाचतात, तिला ते 'झाकरी' म्हणतात. शाळेत मराठी शिकवली जाते. हे सगळं ऐकलं की आपली छाती फुगते. माझीही फुगली होती. म्हणून मी माझ्या वहीत मराठी शब्द शोधू लागलो. इतक्या भाज्यांत एक तरी नाव मराठी असेल की नाही?

नव्हतं. निदान त्या सकाळी मला एकही सापडलं नाही.

आता इथं थोडं थांबून, मजूर ते भाजीवाला हा प्रवास कसा झाला ते सांगायला हवं. नाहीतर वाटेल की करार संपला, माणसं मोकळी झाली आणि बाजारात येऊन बसली. तसं झालं नाही. एक दिवस कामावर नाही आलं तर दोन दिवसांचा पगार कापायचा, असा मळ्यावरचा नियम होता. पाच वर्षं संपली तरी पिच्छा सुटत नव्हता. १८६७ मध्ये कायदा झाला की करार संपलेल्या प्रत्येकानं आपल्या फोटोचा परवाना सतत जवळ बाळगायचा. ज्याच्याजवळ तो नसेल तो भटक्या, आणि भटक्याची जागा तुरुंगात. विचार करा, याचा फटका कुणाला बसला असेल? जो डोक्यावर पाटी घेऊन गावोगाव भाजी विकतो, त्याला. फिरणं हाच ज्याचा धंदा, त्याचं फिरणं हाच गुन्हा. मळेवाल्यांना हवं होतंच ते. माणूस स्वतःच्या वाफ्यात मिरच्या लावून पोट भरू लागला, तर उसाच्या फडात परत कशाला जाईल?

१८७१ मध्ये या जाचाविरुद्ध अर्ज झाला. आदोल्फ द प्लेवित्झ नावाच्या एका मळेवाल्यानंच, आपल्या जातभाईंच्या शिव्या खाऊन, तो लिहायला मदत केली. त्यावर नऊ हजारांहून जास्त हिंदी माणसांच्या सह्या होत्या. अर्जामुळे लंडनहून चौकशी आयोग आला, १८७२ मध्ये. त्यानंतर जाच हळूहळू कमी झाला. पुढं साखरेचे भाव पडले, मळेवाल्यांना पैसा हवा झाला, तेव्हा त्यांनी मळ्यांचे तुकडे पाडून विकायला काढले. पै पै साठवलेल्या मजुरांनी ते घेतले. कुणी ऊस लावला, कुणी भाजी. म्हणजे त्या मंडईत एखादी बाई कोतोमिलीच्या जुड्या मांडून निवांत बसते, त्या निवांतपणाची किंमत तिच्या पणज्यानं मोजलेली आहे. परवान्यावरचे ते फोटो आजही तिथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटच्या दप्तरात आहेत. ज्या कागदानं माणसांना अडवलं, तोच कागद घेऊन आज त्यांचे वंशज आपलं गाव शोधतात.

आता परत मंडईत येऊ. माझ्या यादीत एक पान राहिलं होतं. एका बाईपुढं अळूची पानं होती, मोठी, काळसर देठाची, अगदी वडीची पानं. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, 'ब्रेद सोंज.' हा शब्द मला लागेना. फ्रेंच नाही, तमिळ नाही. नंतर समजलं की तो मादागास्करचा आहे. तिकडं अळूला 'साओंजो' म्हणतात. म्हणजे ज्या गुलामांचं नाव, गाव, देव सगळं काढून घेतलं होतं, त्यांनी हा एक शब्द टिकवला आणि सगळ्या बेटाच्या तोंडी घातला.

पण हे नंतरचं. त्या वेळी माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ पानं निवडत होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि हळूहळू, एकेक शब्द पायरीसारखा चढत विचारलं, "तुम्ही इंडियाचे? मराठी?" मी म्हटलं, हो. ते म्हणाले, "आम्ही पण मराठी." बोलण्याला कोकणी हेल होता, कुठला ते मला सांगता येणार नाही. मग पानांकडं बोट करून म्हणाले, "ही सोंज. बाजारात सोंज. घरी आजी अळू बोलायची."

मी विचारलं, "आणि आता?"

"आजी गेली. आता घरी पण सोंज."

मी गप्प राहिलो. त्यांच्या बोलण्यात दुःख वगैरे काही नव्हतं, ऊन पडलंय म्हणावं तसं ते म्हणाले. मग त्यांनीच मला विचारलं, "तुमच्याकडं अजून अळू बोलतात?" मी हो म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. जाताना सांगितलं की पानांना डाळीचं पीठ लावून, गुंडाळून, वाफवून, आजी करायची तसंच ते अजून करतात. म्हणजे करणं राहिलं होतं, म्हणणं गेलं होतं.

आपल्या दर्शनांत शब्द आणि अर्थ यांच्या नात्यावर फार जुना वाद आहे. मीमांसक म्हणतात, हे नातं नित्य आहे, कुणी केलेलं नाही. नैयायिक म्हणतात, नातं संकेतानं ठरतं. या शब्दानं ही वस्तू समजावी, असं ठरलं म्हणून ती समजते. वर्गात मी हा वाद वर्षानुवर्षं शिकवला, घटाचं आणि पटाचं उदाहरण देऊन. पण संकेत म्हणजे काय, तो कसा जगतो आणि कसा मरतो, हे मला त्या अळूच्या गड्डीपाशी कळलं. संकेताला किमान दोन माणसं लागतात, एक म्हणणारं आणि एक समजणारं. आजी म्हणत होती तोवर अळू होतं. ती गेल्यावर समजणारा उरला, पण त्यानं म्हणायचं कुणाला?

बरं, यावर हळहळून आपण मोकळे होऊ नये. आपल्या बाजाराकडं त्याच नजरेनं पाहू. इथं पाटीत काय काय असतं? बटाटा, कोबी, पपई, अननस, काजू. हे पाचही शब्द आपल्याला पोर्तुगीजांकडून मिळालेले. हिंदी मुलखात बटाट्याला आलू म्हणतात. गंमत अशी, की आपलं अळू आणि त्यांचं आलू एकाच जुन्या शब्दाची लेकरं आहेत. संस्कृतात आलु म्हणजे कंद. परदेशी कंद आल्यावर त्यांनी आपला जुना शब्द त्याला दिला. आपण जुना शब्द जुन्या कंदाला राहू दिला आणि नव्याला त्याच्या बोटीवरच्या नावानं हाक मारली. दुसरीकडं भुईमूग पाहा. वस्तू दक्षिण अमेरिकेची, नाव चोख मराठी. सीताफळाचंही तसंच. फळ समुद्रापलीकडचं, त्याला आपण थेट रामायणात नेऊन बसवलं. आणि आषाढीच्या उपवासाचं ताट? साबुदाणा ज्या कंदाचा तो, बटाटा, रताळं, शेंगदाणा, हिरवी मिरची, सगळी मंडळी अमेरिका खंडातली. विठोबानं कुणाला परत पाठवलं नाही.

तुम्ही म्हणाल, निदान आपला तांदूळ तरी आपला. मावळात आल्यावर पाहुण्याला आपण अभिमानानं इंद्रायणी देतो. इंद्रायणी हे वाण इथल्याच वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राचं, १९८७ सालचं. त्याची आई आंबेमोहोर, जिच्या भाताला मोहोराचा वास. ती उंच वाढायची, वाऱ्यापावसात लोळायची, उतारा कमी द्यायची. आणि बाप? बाप आय. आर. ८, फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं १९६६ मध्ये दिलेलं बुटकं वाण. त्याचेही आईबाप पाहाल तर एक इंडोनेशियाचा, दुसरा तैवानकडचा. म्हणजे आपल्या नदीचं नाव लावणारा हा तांदूळ अर्ध्या आशियाचा सोयरा आहे. मग तो आपला कसा? तर इथल्या माणसानं त्याचा चिखल केला, रोप उपटलं, कमरेत वाकून लावलं, म्हणून. वस्तू कुठून आली यावरून ती कुणाची हे ठरत नाही. तिच्यामागं राबतं कोण आणि तिला हाक मारतं कोण, यावरून ठरतं.

आणि म्हणूनच मला आज इथं, पवनानगरात, हे बोलायचं होतं. तुम्हाला इतिहास मी काय सांगणार? पवना नदी अडवली, धरण झालं, खाचरं पाण्याखाली गेली. काले कॉलनीचं पवनानगर झालं. ज्यांची जमीन गेली त्यांतल्या कित्येकांचा मोबदल्याच्या जमिनीचा झगडा दुसऱ्या-तिसऱ्या पिढीपर्यंत चालत आला. पाण्याच्या बंद जलवाहिनीच्या प्रश्नावरून ९ ऑगस्ट २०११ ला बऊरला महामार्गावर गोळीबार झाला, तीन शेतकरी गेले. आज धरणाच्या काठानं तंबू आहेत, बंगले आहेत. शनिवार-रविवारी शहरातून गाड्या येतात. त्यातल्या कुणाचा राग करावा असं मी म्हणत नाही. मीही अशाच एका गाडीतून आलो आहे.

पण येताना रस्त्याच्या कडेला दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या, पुढ्यात पळसाच्या पानांवर रानभाज्या. मी गाडी थांबवली. करटोली मी ओळखली. कुर्डू ओळखला, टाकळाही ओळखला. बाकी दोन पाल्यांची नावं मला ठाऊक नव्हती. आजींनी ती सांगितली, कशी शिजवायची तेही सांगितलं. माझ्यामागं एक तरुण जोडपं आलं, त्यांनी करटोल्याकडं बोट करून विचारलं, हे काय आहे? त्यावर आजींच्या शेजारी बसलेली नात, असेल दहा-बारा वर्षांची, चटकन म्हणाली, "वाइल्ड व्हेजिटेबल आहे. ऑरगॅनिक." हुशार पोरगी. कोणता शब्द खपतो हे तिला बरोबर कळलंय. पोर्ट लुईसमध्ये तरी वेगळं काय झालं होतं?

बाजारात 'ऑरगॅनिक' म्हणावं, माझी हरकत नाही. बाजार आपल्या गतीनं चालतो. प्रश्न घरचा आहे. ती पोरगी घरी गेल्यावर आजी तिला 'करटोली निवड' म्हणते, तोवर काळजी नाही. पण आजीची जमीन राहिली नाही, त्या रानात जायची वाट कुंपणात गेली, तर पुढच्या पिढीला तो वेल दिसणारच नाही, आणि न दिसणाऱ्या वेलाचं नाव कोण कशाला घेईल? मॉरिशसच्या त्या म्हाताऱ्याकडं निदान अळूची पानं तरी होती. शब्द गेला, वडी राहिली. इथं रान गेलं तर दोन्ही जातील. भाषेची काळजी करणारी आम्ही माणसं शुद्धलेखनावर फार बोलतो. त्याआधी जमिनीवर बोलायला हवं, हे मला फार उशिरा, तेही परदेशातल्या मंडईत समजलं.

तेव्हा माझी एक छोटी विनंती आहे, आणि मग मी बसतो. इथं शाळेतले शिक्षक आलेत. पावसाळा संपायच्या आत मुलांकडून एक वही करून घ्या. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारायचं: खाचरात पूर्वी कोणकोणतं भात होतं, रानातून काय काय आणायचा, त्याला काय म्हणायचा, ते कुठं उगवायचं. 'कुठं' हा रकाना विसरू नका. नाव आणि जागा, दोन्ही शेजारीशेजारी लिहा. ती जागा आता पाण्याखाली असेल तर तसं लिहा. विकली गेली असेल तर तसं लिहा. मुलांना त्यातून भाषा कळेल, इतिहास कळेल, आणि आपण कुठं उभे आहोत हेही कळेल.

माझ्या त्या वहीत मी मॉरिशसच्या पानावर शेवटी 'सोंज' लिहून पुढं कंसात 'अळू' लिहिलं होतं. आज येताना त्याच वहीत आजींनी सांगितलेली ती दोन नावं लिहिली आहेत. ती मी इथं मुद्दाम सांगत नाही. घरी जाऊन विचारा.